तळघरात

पहिल्यांदा आली ती बॉयलरसाठीच.
ऑक्टोबर संपत आलेला, क्लेअरमाँटच्या टेकड्या उघड्या पडलेल्या,
आणि रोझान वेलेट माझ्या तळघरात
पालथी पडून, एक डोळा मिटून
ज्योतीकडे बघत होती,
दाराच्या फटीतून शेजारचं भांडण बघावं तशी.

वर येऊन हात पुसले, बिल लिहिलं
आणि त्याच खिशातून दुसरा कागद काढला.
त्यावर तिचाच फोटो, चष्म्याशिवाय, अवघडलेला.
"धावतेय मी," म्हणाली, "विधानसभेसाठी."

मला हसू आलं. आमच्याकडे उभं राहतात.
माझी मावशी उभी राहिली होती अकोल्यात, नगरपालिकेला,
चिन्ह शिलाई मशीन.
रिक्षावर भोंगा, गॅसवरून चहाचं पातेलं उतरायचं नाही,
आणि शेवटी डिपॉझिट गेलं.
मशीन आहे अजून. मावशी त्यावर उशांचे अभ्रे शिवते.

"तुझं चिन्ह काय?"
चिन्ह? तिला कळेना.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, मी म्हटलं.
जरा विचार करून तिने पाना वर धरला.

"मग? देशील?"
म्हटलं, मला मत नाही.
कार्ड हिरवं आहे, पिकायला अजून तीन वर्षं.

तिच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत,
एक पेटीत टाकायचा, एक चारचौघांत बोलायचा.
माझ्या भाषेत एकच.
ती गेल्यावर भांडी घासताना
माझंच वाक्य मला मराठीत ऐकू आलं,
आणि नळ किती वेळ वाहत राहिला कोण जाणे.

अर्जाची फी दोन डॉलर. निवडून आलं तर पगार वर्षाला शंभर.
समोरच्या मॅलरीचे फलक तिच्याहून उंच,
तिचे जुन्या फळ्यांच्या पाठीवर, रंगाचे ओघळ आलेले.
कामं संपवून ती संध्याकाळी दारं वाजवायची,
एक गुडघा धरून पायऱ्या चढायची,
आणि आतून पंप कुरकुरताना ऐकला
की भाषण सोडून थेट तळघरात.
"अशाने गल्ली संपत नाही," तिचा नवरा म्हणायचा.

सत्तावीस मतांनी आली.
नवऱ्याने बोटांवर मोजून सांगितलं,
तेवढे बॉयलर झाले होते.

फेब्रुवारीत, उणे वीसच्या रात्री, माझा पुन्हा बंद पडला.
साडेदहाला तिचा ट्रक आला, सरळ राजधानीतून.
कोटावर अजून नावाची पट्टी,
बगलेत कागदांचा गठ्ठा.
फरशी बर्फासारखी, म्हणून गुडघ्याखाली तिने
तेच कागद घेतले. "हे पास झालं," एक पान दाखवून म्हणाली,
"आता त्याला थंडी वाजणार नाही."

मी बॅटरी धरून उभी.
"डायलिसिसवाल्यांची व्हॅन बंद करायचं चाललंय," खालून आवाज आला.
"पैसे वाचतात म्हणे. तू तिथेच काम करतेस ना?
तुझं काय मत?"

मी गप्प.
मग टटल आजोबा आठवले,
बर्फात व्हॅन आली नाही तो गुरुवार,
आणि शनिवारी काट्यावर चढले तेव्हाचं
साडेपाच किलो नुसतं पाणी,
मोज्यांचे वळ घोट्यात रुतलेले,
आणि तरी मलाच म्हणाले, सॉरी हं, उशीर झाला.

हे मी सांगितलं. आधी अडखळत,
मग तारखा, मग वजनं,
मग मला न विचारताच आवाज चढला.
या देशात पहिल्यांदाच
मी मत देत होते,
थर्मल घालून, पायात दोन मोजे, बॉयलरसमोर.

ज्योत एकदा भप्‌ झाली, विझली.

"बॅटरी जरा डावीकडे," ती म्हणाली.
"आणि थांबू नकोस. कितवा गुरुवार म्हणालीस?"