अकरावी

सुंद्राबाई कसबेचा पेला वेगळा.
माठामागं, खिळ्याला, लाल दोरा बांधून.

सोलापूरचा मे. तिनं पाणीच सोडलं.
बोलली नाही. माठासमोर सूप घेऊन बसली,
विड्या वळत, ओठ सुकवत.

आम्ही एकमेकींकडं बघायचो.
प्रत्येकीला वाटायचं, बाकीच्यांना हे पटतंय.

तिसऱ्या दिवशी नरसव्वा बोल्ली उठली,
तोच पेला बुडवून घटाघटा प्याली.
मग चन्नव्वा. मग रांगच.

मी अकरावी.
अकरावीला धाडस लागत नाही,
तोवर भीतीनं बाजू बदललेली असते.

पेला हातात आला.
दोरा भिजून फुगलेला,
बंडलं बांधतो तोच, आमच्याच रिळाचा.
गाठ ओळखली मी.
दोन वेढे, वर एक उलटा.

अशी कारखान्यात मी एकटीच मारते.