तीनशे बारा पेले

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, हॉटन, मिशिगन.
बर्फ पहिल्या मजल्याच्या खिडक्या गिळून
आता दुसऱ्याकडे बघत होता.
कॉलेज बंद, पूल बंद, पिझ्झावाला फोन उचलेना.
रेडिएटर तेवढा रात्रभर टकटक करायचा,
जणू आत कुणी अडकलंय
आणि त्यालाही कंटाळा आलाय.

कल्पना डेसमंडची. पेले मेसमधून मी ढापले,
प्लास्टिकचे, कोटाच्या अस्तरात, सहा खेपांत.
आई म्हणायची, या पोराला काम सांगितलं की हात गळतात.
आई, तू बघायला हवं होतंस.
कोफी बाथरूममधून बादल्या आणायचा,
डेसमंड भरायचा, मी ओणवा होऊन मांडायचो,
खिडकीपासून दाराकडे, पेल्याला पेला भिडवत,
मागे मागे सरकत,
जमीन सारवत बाहेर यावं तसा.
तीनशे बारा. मोजले, कारण मोजायला वेळ होता.
तीन सेमिस्टरांत इतकं मन लावून
मी काहीच केलं नव्हतं.

खोली एइनोची.
एइनो राउटिओ. रात्री पार्किंगमधला बर्फ उपसायचा,
दिवसा झाडांचा अभ्यास,
बोलायचा महिन्यातून दोनदा.
आम्ही जिन्याआड, फोन रोखून, तोंडात बाही कोंबून.

अडीचला आला. भुवयांवर बर्फ.
दार उघडलं, दिवा लावला,
बघत राहिला, पाणी साचलेलं शेत बघावं तसा.
मग उकिडवा बसला, पहिला पेला उचलला
आणि प्यायला.
दुसरा.
तिसऱ्यानंतर ढेकर.
सातव्याला, आमच्याकडे न बघता,
"एकट्याला संपायचे नाहीत."

हसू घशातच राहिलं.
कोफी आधी गेला, मग मी. डेसमंड सगळ्यात शेवटी.
बघता बघता कॉरिडॉरमध्ये पंगत बसली,
भिंतीला पाठी लावून, मांडीला मांडी,
एइनो पेले पुढे सरकवतोय,
समोरचा लुआन डोळे चोळत आला,
कशाचं काय, न विचारता बसला.
मी मराठीतच म्हणालो, सावकाश होऊ द्या.
कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी पेले उंचावले.

दीडशेनंतर बेसिनची मदत घेतली, खोटं कशाला बोलू.

चारला संडासापुढे रांग.
रांगेतच एइनो बोलला:
बर्फ वितळायला लागला की बर्चला भोक पाडायचं,
आतून पाणी येतं,
पाण्यासारखंच पाणी, पण जरासं गोड.
आजोबा द्यायचे.
एवढं बोलला, आणि त्याचा नंबर आला.

व्हिडिओ कुणीच काढला नव्हता.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या करताना
त्याच्या पलंगामागे एक पेला निघाला,
तळाशी पांढरी कड, एक वाळलेली माशी.
म्हणजे हिशेब एकानं चुकला होता.
"तुझा असेल," एइनो म्हणाला.
विसळला, नळाखाली भरला, पुढे धरला.
गंजाचा वास येणारं तेच पाणी.
मी उभ्यानंच प्यायलो.
आई उभ्यानं पाणी पिऊ देत नसे.