साठावं पान

मागच्या पंधरवड्यात दोन सिनेमे पाहिले, दीड कादंबरी वाचली.
दीड म्हणजे दुसरी साठाव्या पानावर मिटली,
तेवढ्यात गंगाखेड गाडीचा टायर बसला
आणि खिडकीपुढं पन्नास माणसं उभी राहिली.
मग राहूनच गेली.

पहिला सिनेमा आपल्याकडचा आहे म्हणे.
पोस्टरवर लिहिलंय : मराठवाड्याच्या मातीतला.
माती लाल होती.
बावीस वर्षं मी परभणीच्या स्टँडावर बसते,
लाल माती पाहिली ती डेपो मॅनेजरच्या कुंडीत,
तीही नर्सरीतून विकत आणलेली.
आणि नायक दर वाक्याला 'काहून' म्हणतो.
काहून जेव. काहून ये.
अरे बाबा, काहून हा प्रश्न आहे, मीठ नाही,
कारण पाहिजे असलं तरच आम्ही विचारतो.
माझ्या मागच्या रांगेत एक पोरगी मात्र
हमसून हमसून रडली.
तिकीट तिनंही काढलं होतं.

जी कादंबरी पुरी केली ती औंढ्याकडच्या एका मास्तरांची.
पहिली शंभर पानं नसती तरी चाललं असतं.
पण त्यात एक माणूस आजारी बायकोला घेऊन निघतो,
डबा घरी विसरतो,
आणि तिला फाट्यावर बसवून डब्यासाठी परत जातो.
ती दोन पानं मी तीनदा वाचली.
वाचनालयाचा दंड झाला नऊ रुपये. हरकत नाही.

दुसरा सिनेमा खाजामियांनी सांगितला म्हणून.
खाजामिया वसमत रूटवर ड्रायव्हर.
त्यांचं मत एका शब्दाचं असतं, 'जम्या' नाहीतर 'नक्को'.
याला ते दोनदा जम्या म्हणाले.
रात्रपाळीत पाहिला, मोबाइलवर, पुणे गाडी लागेपर्यंत.
एक बाई घर आवरते. भांडी पुसते. चादर झटकते.
पुसलेली भांडी परत पुसते.
मी मध्येच उठून नांदेड-लातूर पुकारून आले,
थांबवायचं विसरले होते,
तरी माझं काही चुकलं नव्हतं.
सकाळी खाजामियांना तसंच सांगितलं.
ते हसले नाहीत.
"मॅडम, आवाज बंद करके देखे क्या?"

बंदच असतो. माइकचा काय भरवसा,
एकदा अख्ख्या स्टँडाला
कुठल्याशा हिरोईनचं बाळंतपण ऐकू गेलं होतं.

खाजामियांनी चहाची बशी खाली ठेवली.
म्हणाले, बाजूच्या खोलीत कोणतरी खोकतंय की,
पहिल्यापासून.
पाऊण तासानं खोकणं थांबतं.
ती पुसतच राहते.

घरी आले. दार लावलं.
दुसऱ्यांदा मी तो सिनेमा
डोळे मिटून पाहिला.

आता त्या अर्ध्या कादंबरीचं.
टायर बसला हे खरं आहे,
पण टायर अर्ध्या तासात बदलला.
साठाव्या पानावर लेखक एका स्टँडावर उतरतो,
गावाचं नाव देत नाही,
ऊन देतो, माश्या देतो, मुतारीचा वास देतो,
आणि लिहितो :
वर कुठंतरी एक बाई कर्कश आवाजात ओरडत होती.
एवढंच. पुढच्या ओळीत त्याला रिक्षा मिळते.

वर कुठंतरी नाही, भाऊ.
कँटीनच्या बाजूला, तीन पायऱ्या चढून.
पंखा फिरतो तेव्हा माइक घरघरतो,
म्हणून मे महिन्यातही मी पंखा बंद करून पुकारते.

खाजामिया म्हणतात, पुरी वाचा, मग बोला.
त्यांचं बरोबर आहे, मागच्या वेळीही होतं.
पुस्तक गुरुवारी परत द्यायचंय.
खूण घातलेली नाही, पान लक्षात आहे.

पाच चाळीसची जिंतूर लागली.
पंखा बंद केला. बटण दाबलं.
आज पहिल्यांदा
माझाच आवाज भिंतींवरून परत येईपर्यंत थांबले,
आणि एक आजोबा खिडकीत येऊन म्हणाले,
"बाई, गेली का वो जिंतूर?"