श्वास धरा

दिवसा मी हाडांचे फोटो काढते.
वाशीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे खिडकी नाही आणि पंखा कुरकुरतो.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा.
मग काचेमागे जाऊन बटण दाबते.
सोडा, म्हणायला कधी विसरते
तर लोक तसेच उभे, गाल फुगवून,
माझी वाट बघत.

वर्षातून एक रात्र मी दिवाळ्याच्या जेट्टीवर असते.
गावच्या जत्रेची दारू उडते त्या रात्री.
तिपाईचा एक पाय चिखलात जातो, दरवर्षी तोच,
म्हणून खाली होडीचं तुटकं फळकूट
आणि मधल्या आकड्याला दोन किलो तांदूळ लटकवलेले.
ओहोटी. सुकटीचा वास. खारफुटीत कुणाचा तरी टॉर्च.
समोर उलव्याचे दिवे. त्यातल्या एकावर फोकस लावते
आणि रिंगला चिकटपट्टी मारते,
इस्पितळातली, पांढरी.

हे शिकायला मला चार जत्रा लागल्या:
बाण वर निघतानाच शटर उघडायचं.
फुटल्यावर उघडलं तर फूल मिळतं, देठ मिळत नाही.
पहिली दहा मिनिटं आपली.
नंतर धूर खाली बसतो
आणि सगळं पिवळट होतं, कावीळ झाल्यासारखं.
दोन फुलांच्या मध्ये भिंगासमोर काळा पुठ्ठा धरायचा.
माझा पुठ्ठा जुन्या फिल्मच्या पाकिटाचा आहे.
आत एके काळी कुणाच्या तरी बरगड्या होत्या.

आणि आठ सेकंद श्वास धरायचा.
कॅमेऱ्याला त्याची गरज नाही, वायर आहे हातात.
मला आहे.

आठ सेकंदांत धावणारी पोरं उमटत नाहीत.
नाचणारे नाहीत, बँजोवाले नाहीत,
कुल्फीची गाडी ढकलणारा नाही.
हलला तो गेला.
उरतो देवळाचा कळस, थोड्या थरथरलेल्या होड्या,
आणि गेल्या वर्षी, धक्क्याच्या टोकाला,
कमरेत वाकलेला एक माणूस,
इतका स्थिर
की मला आधी दोर बांधायचा खुंटा वाटला.

पोशा कोळी. चाळीस वर्षं गावची दारू तोच पेटवतो.
एक वात दमट निघाली होती.
तो तिच्यावर ओणवा होऊन थांबला होता.
बाकी गाव वर बघत होतं.

ह्या वर्षी प्रिंट काढून नेला.
मधल्या विश्रांतीत तो सापडला,
जाळ्यांच्या ढिगावर, बादलीत हात धूत.
तुम्ही कुठून बघता, काका?
"मी कवा बगनार? पेटवायचा न पलायचा.
चालीस वर्सं नुसता आवाज आयकतंय.
रंग काय ते लोक सांगतान."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला आजची रात्र दाखवली.
दोरीचा चष्मा लावून त्याने सगळी पाहिली,
एकेक, मागे जाऊन पुन्हा.
मला वाटलं होतं, डोळे भरतील वगैरे.
त्याने नख टेकवलं कोपऱ्यात.
"ह्यो लाल पिका परलाय. मसाला वल्ला व्हता."
पुढचा. "ह्यो उशिरा फुटला."
पुढचा. बराच वेळ.
"ह्यो बरा हाय."

कॅमेरा धरलेल्या डाव्या हाताची
शेवटची दोन बोटं अर्ध्यावर संपत होती.
सवयीने मला आतलंही दिसलं:
हाड कुठे थांबलंय, टोक कसं गुळगुळीत झालंय.
विचारलं नाही.

मग प्रिंट दिला. त्याने लांब धरला, जवळ धरला.
"ह्यो कोन?"
मी सांगणार, तेवढ्यात धक्क्यावरून कुणी ओरडलं,
आणि तो प्रिंट बंडीत कोंबून
खेकड्यासारखा तिरका पळाला.
मी पुठ्ठा उचलला.

दुसऱ्या दिवशी भाताला दारूचा वास.
सासूबाईंनी दोनदा हुंगला, माझ्याकडे पाहिलं.
मी लोणचं वाढलं.