जागा अपुरी असल्यास

बेलापूरला, झेरॉक्सच्या दुकानावर
आमच्या निधीचं ऑफिस: एक कपाट, दोन खुर्च्या,
आणि एक गळका एसी
जो पाच निवृत्त चीफ इंजिनिअरांना मिळून दुरुस्त होत नाही.
मंगळवारी आणि शुक्रवारी
आम्ही दुसऱ्यांची संकटं फायलीत लावतो.

आज पिशवीत अर्ज एकशे एकोणीस.
मोकल, जयेंद्र पांडुरंग. थर्ड इंजिनिअर.
करावे गाव, देवळामागची तिसरी गल्ली.
रिक्षावाला म्हणाला, आत गाडी जात नाय, काका.
उतरलो. सुक्या बोंबलांच्या वासातून
उन्हासाठी फाईल डोक्यावर धरून चालत गेलो.

दार उघडायला जरा वेळ लागला.
विदुलानं केस नीट केले असावेत तेवढ्यात.
पाणी दिलं. मग म्हणाली,
"आम्ही मागायला आलो नव्हतो. दिरानं टाकला अर्ज."

मी वही उघडून दाखवली.
अकरा वर्षं, दर महिना दोनशे, निळ्या शाईत त्याचं नाव.
एकदा वर्गणी उशिरा आली म्हणून
सांतोस बंदरातून पाठवलेलं माफीचं पत्रसुद्धा.
"वहिनी, हे त्याचंच आहे.
आम्ही फक्त सांभाळलं."

(पूर्ण खरं नाही हे. त्याचे होतात सव्वीस हजार चारशे,
आम्ही देणार त्याच्या कितीतरी पट.
पण इंजिनरूममध्ये शिकलोय,
नट गंजून बसला असेल तिथं
हातोडा नाही, आधी थोडं तेल.)

तो खिडकीपाशी बसला होता.
बॉयलरच्या ज्वाळेनं उजवा हात नेला, उजवा कान,
आणि घरी आल्यावर, हळूहळू, बोलणं.
जहाजाचा झेंडा पनामाचा, मालक सायप्रसचा,
मॅनेजर सिंगापूरचा.
भाजला तेवढा करावे गावचा.

"चौदा वर्षं बोटीवर," ती म्हणाली,
"एकदा विचारलं, कसा असतो हो तिकडचा दर्या?
तर म्हणे, मला काय माहीत, मी खाली असतो."
मी हसलो. तीही हसली, मग थांबली.

खरंय. आम्ही पाण्याच्या रेषेखालची माणसं.
समुद्र म्हणजे पत्र्यापलीकडची थंडी,
कूलरमध्ये बत्तीसनं आत आलेला, त्रेचाळीसनं बाहेर गेलेला.
डॉल्फिन दिसले की डेकवाले फोन करायचे.
बॉयलर सूट झटकत, चार जिने चढून
आम्ही वर पोचेपर्यंत नुसतं पाणी.

अवलंबून व्यक्ती: तीन.
सोनाराकडे गहाण: पाटल्या, आणि सासूची ठुशी.
मुलीची फी: दोन हप्ते थकीत.
गरजेचं स्वरूप लिहायला दीड ओळ,
खाली बारीक अक्षरात, जागा अपुरी असल्यास
मागील पानावर लिहावे.

सहा वाजता शेजारच्या इमारतीचा पंप सुरू झाला.
माझ्या कानात यंत्र, तरी मला नुसती घरघर.
जयेंद्रनं डावा तळवा भिंतीला टेकवला,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
आणि सात महिन्यांत पहिल्यांदा
(हे ती नंतर म्हणाली)
बोलला:
"बेअरिंग."

मी उठून माझाही हात भिंतीला लावला.
जात होतं खरंच. आतल्या बाजूचं.
आठवडाभर टिकेल फार तर.

विदुला स्वयंपाकघराच्या दारात उभी,
हातात चहाची गाळणी,
फरशीवर थेंब पडत होते. कुणी पुसले नाहीत.

जाताना तिथल्या वॉचमनला सांगून आलो.
त्यानं अर्थात मनावर घेतलं नाही.

रिक्षात बसून अर्ज पुन्हा काढला.
"सद्यस्थिती" पुढं मीच लिहिलेलं: बोलू शकत नाही.
ते खोडलं. खोडल्याजागी सही केली, नियम आहे.
मग मागचं पान उलटलं.
रिक्षावाला विचारत होता, कुठं घेऊ, काका?
थांब जरा, म्हटलं. मीटर चालू राहू दे.