दोन तोंडांची वायर

हिंगणघाटले जाताना जितूच्या मांडीवर पिशवी,
पिशवीत कन्सोल, टॉवेलात गुंडाळलेला.
"दुकानातच लावून पाहू, दादा.
डब्यावरचं काही खरं नसते."

पलांदुरकरानं काचेवर तीन कार्डं मांडली.
नऊशेचं, काडेपेटीएवढं. वर फोर-के लिहिलेलं,
पण जितूची गाडी वळणावर अडखळत वळली,
शिकाऊ पोरानं ट्रॅक्टरचा क्लच सोडावा तशी.

साडेसात हजाराचं लोण्यासारखं.
आम्ही दोघांनीही त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

मधलं तेवीसशेचं. चित्र साफ, पण उशीर:
बटण आता, उडी मागून.
जितू तीनदा खड्ड्यात गेला, वैतागला,
मग म्हणतो, "दोन तोंडांची वायर हाय का?
एक तोंड टीव्हीले, एक कार्डाले.
मी टीव्हीत पाहून खेळतो.
रेकॉर्डिंग येऊ दे ना मागून,
त्याले काय घाई हाय!"

पलांदुरकरानं माळ्यावरचं खोकं उपसलं. चारशे रुपये.
"पोरगं माझं मोठं गिऱ्हाईक खाऊन गेलं,"
म्हणत त्यानं चहा सांगितला.

रात्री साडेनऊला लाइन गेली.
टीव्ही मेला, कन्सोल मेला,
लॅपटॉप बॅटरीवर नोंदतच राहिला:
सतरा मिनिटं निळा पडदा,
त्यावर आईचा आवाज, माचिस कुठी ठेवली रे,
कुणाचा तरी पाय वायरीत,
आणि जितू, अंधारात,
शर्यत कशी जिंकलो असतो ते सांगतोय.