सामाईक

मंगळवारी रात्री कॉम्प्युटरनं स्वतःला नवं करून घेतलं.
पडद्यावर टक्के चढत होते, खाली लिहिलेलं: बंद करू नका.
मी कशाला बंद करतोय.
वडगावात त्या वेळेला सगळेच माग चालू असतात,
खटखटीत कोण कुणाचं ऐकतो.

सकाळी सगळं जागच्या जागी.
फक्त 'सामाईक' नाही.

सामाईक म्हणजे एक पिवळं फोल्डर,
पलीकडच्या घरात, मोनाप्पाच्या जुन्या मशीनवर.
वाटणीत चार माग दोन-दोन झाले,
बोअरचं पाणी दिवसाआड,
मधे नऊ इंची भिंत, गिलावा फक्त माझ्या बाजूनं.
डिझाइनांत मला काठ आले, त्याला पदर.
वायफायचा डबा तेवढा एकच राहिला;
तो कुणाच्या बाजूला ठोकायचा
यावर पंच आठवडाभर येऊन चहा पिऊन गेले.

सात वर्षं आम्ही त्या फोल्डरातून बोलतो.
मी गोमी टाकायची, करवतकाठ टाकायचा,
तो त्याला बसेल असा पदर टाकणार.
फाइलच्या नावात मावेल तेवढंच:
कुयरी_लहान_कर
रुईफूल_दाट_झालं
आई_दवाखान्यात_बेड_१४

बैलहोंगलच्या ईरण्णाला फोन लावला.
नेटवर्क सार्वजनिक दाखवतंय की खाजगी?
बघितलं. सार्वजनिक.
"मग कसं दिसंल? सार्वजनिकात मशीन लपून बसतंय,
खाजगी केलं की शेजाऱ्याला दिसतंय."
उलटं आहे की गा, म्हटलं.
"उलटंच आहे," म्हणाला,
मग म्हणाला, गोडे बंद माड्रि.
कुठली गोडे?
"बेंकी गोडे. आगीची भिंत. दोन मिनिटं पाडा, परत उभी करा."
पाडली. काही नाही.
भिंतीचा दोष नव्हता.

एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा पत्ता टाकून हाक मारली.
पलीकडून चार हाकांना चार ओ.
म्हणजे आहे, जागं आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उलगडलं:
तिकडचं दार उघडंच होतं,
माझंच मशीन आता बिनपासवर्डाच्या दारातून आत जात नाही.
इतकी वर्षं पाहुणा म्हणून जात होतं, चाललं.
आता तिकडं त्याच्या नावाचं खातं पाहिजे,
आणि ते तिकडं बसूनच उघडावं लागतं.

गल्लीला वळसा घालून त्याचं दार अकरा पावलं.
कल्पना म्हणाली, पोराला पाठवा.
पोरगा धारवाडला, परीक्षेला.
चप्पल घातली. टेस्टर घेतला, उगाच, हातात काहीतरी असावं म्हणून.

मोनाप्पाच्या भुवयांवर कापसाची भुकटी.
माग थांबवून म्हणाला,
"मला वाटलं तूच काढून टाकलंस."

वहिनीनं चहा ठेवला.
त्याच्या कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली.
खात्याला नाव माझं दिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.
पासवर्ड घालायला तो एका बोटानं बसला,
मी मान वळवली.
"बघ की. तुलाच घालायचाय तिकडं."
मीटरचा नंबर होता. वाटणीआधीचा.
मलाही पाठ निघाला.

घरी येऊन उघडलं. आत तीन नव्या फाइली,
बुधवारची, गुरुवारची, आजची:
पदर_थांबलाय
पदर_थांबलाय_२
काय_गा_झालं

मी काठ टाकला. नाव नुसतं 'काठ' दिलं.
चहात साखर जास्त पडलीय
हे लिहायला जागा होती,
पण ते तोंडावर सांगून आलो होतो.